तिचं नाव सारा

मैत्रिणींनो, आज आधी माझी एक चूक कबूल करते आणि मग मूळ गोष्टीकडे वळते.

मध्यंतरी आमच्या गावच्या वाचनालयात एक छोटासा प्रकाशन समारंभ झाला. सगळा तालुका ज्यांना नुसतं ‘सर’ म्हणून ओळखायचा, त्या शिक्षकांच्या लेखांचं पुस्तक निघालं. सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं लिखाण सगळीकडे विखुरलेलं. काही जुन्या दिवाळी अंकांत, काही वह्यांत, तर काही चक्क लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर! हे सगळं जमवलं, अक्षर लावून लावून उतरवून काढलं, कुठला लेख कधीचा ते शोधलं, तळटीपा घातल्या, चार-चारदा प्रुफं तपासली, ती त्यांच्या मुलीने. चार वर्षं ती हे करत होती. शिकवण्या सांभाळून, सासूबाईंचं आजारपण काढून. मी तिला ताई म्हणते, म्हणून इथेही ताईच म्हणेन.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. प्रमुख पाहुणे, त्यांची पदं, प्रकाशक, मुद्रक, देणगीदार, अगदी मांडववाल्याचंसुद्धा नाव कागदावर नीट लिहून घेतलं होतं. आणि शेवटी माईकवरून मी म्हणाले, ‘या पुस्तकाचं संपादन सरांच्या कन्येने केलं आहे, त्यांचंही आपण अभिनंदन करू या.’ टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी ताई जवळ आली. हसत हसतच म्हणाली, ‘आयुष्यभर सरांची मुलगी, नंतर वकीलसाहेबांची बायको. म्हटलं, आज तरी माईकवरून स्वतःचं नाव ऐकायला मिळेल. तूही तशीच निघालीस होय गं!’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री झोप येईना. आणि त्या रात्री मला आठवली आणखी एक मुलगी. मी कॉलेजात पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दरवर्षी कोलरिज शिकवला. तुमच्यापैकी ज्यांनी बी. ए.ला इंग्रजी घेतलं असेल, त्यांना समुद्रपक्षी मारून पस्तावणाऱ्या त्या म्हाताऱ्या खलाशाची कविता आठवत असेल. ती कविता लिहिणारा सॅम्युएल टेलर कोलरिज. त्याची अफू शिकवली, वर्डस्वर्थशी असलेली मैत्री शिकवली, त्याचं ते प्रसिद्ध टीकेचं पुस्तक ‘बायोग्राफिया लिटरेरिया’ शिकवलं. पण ते पुस्तक पुढच्या वाचकांच्या हाती नीट लावून देणारी त्याची मुलगी होती, हे एकाही वर्गात माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणजे ताईच्या बाबतीत झालेली माझी ही काही पहिली चूक नव्हे!

तिचं नाव सारा. सारा कोलरिज. जन्म २३ डिसेंबर १८०२, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात, केझिक गावातल्या ग्रेटा हॉल नावाच्या घरात.

हे घर कसं होतं, ते आपल्याला चटकन समजेल. तीन सख्ख्या बहिणी एका छपराखाली राहत होत्या. एकीचा नवरा रॉबर्ट साउदी, तोही मोठा कवी, पुढे राजकवी झालेला. त्याच्या लेखणीवर घर चालायचं. दुसरी बहीण विधवा. तिसरी साराची आई. तिचा नवरा जिवंत होता, जगप्रसिद्ध होता, पण घरी नव्हता. कोलरिज संसारात कधी रमलाच नाही. साराला कळायला लागलं तेव्हापासून बाप म्हणजे अधूनमधून येणारा पाहुणा. मेहुण्याच्या घरात तीन मुलं वाढवणाऱ्या त्या आईला रोज काय काय गिळावं लागलं असेल, ते आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

पण त्या घरात एक श्रीमंती होती. पुस्तकं! साउदीकडे हजारो पुस्तकं होती. त्यातली कितीतरी जुनी, फाटकी. चामड्याची बांधणी परवडायची नाही, म्हणून घरातल्या मुली-बायकांनी रंगीबेरंगी छापील सुती कापडांचे तुकडे घेऊन शेकडो पुस्तकांना कपडे शिवावेत तसे पुठ्ठे चढवले. साउदीने गमतीने त्या कपाटांना ‘कॉटनियन लायब्ररी’ असं नाव दिलं होतं. या पुस्तकांत सारा वाढली. शाळा नाही, मास्तर नाही. आई, मावशी, काका शिकवतील ते आणि स्वतः वाचेल ते. एवढ्यावर ती पोरगी फ्रेंच, इटालियन, लॅटिन शिकली. पुढे जर्मन, स्पॅनिश, ग्रीकही.

बापाच्या तिच्या आठवणी थोड्याच आहेत, पण मन हलवणाऱ्या आहेत. लहानपणी तिला अंधाराची फार भीती वाटायची. साउदी काका हसायचे. पण बाप घरी असताना त्याने ठामपणे सांगितलं, की आई झोपायला येईपर्यंत हिच्या खोलीत मेणबत्ती जळत राहील. भीती गेली. हे तिने पन्नाशीला टेकताना लिहून ठेवलंय. म्हणजे बघा, त्या एका मेणबत्तीचा उजेड किती वर्षं पुरला!

दुसरी आठवण १८०८ची. बाप तेव्हा वर्डस्वर्थच्या घरी राहत होता. पाच वर्षांच्या साराला त्याने महिनाभर आपल्याकडे ठेवून घेतलं. मध्यरात्री झोपायला आला, की तिला परीकथा सांगायचा. मग आई भेटायला आली. सारा धावत जाऊन आईला बिलगली. बापाला ते लागलं. वर्डस्वर्थची मुलं बघ कशी माया करतात, असं त्याने सुनावलं. ती पोर घरामागच्या झाडीत जाऊन लपून बसली. आईबापांत दुरावा असलेल्या घरातली कुठलीही मुलगी ही झाडी ओळखेल.

१८१२ नंतर बाप केझिकला आलाच नाही. साराने त्याला पुन्हा पाहिलं ते थेट १८२३च्या सुरुवातीला, लंडनजवळच्या हायगेटमध्ये. मधे दहा वर्षं गेली होती. नऊ वर्षांची मुलगी वीस वर्षांची झाली होती. आणि एवढ्यात तिचं एक पुस्तकही छापून झालं होतं!

त्या पुस्तकाची हकिगत ऐका. तिचे दोघे भाऊ, हार्टली आणि डर्वेंट. हार्टली ऑक्सफर्डला गेला, डर्वेंट केंब्रिजला. दोन्ही विद्यापीठांची दारं मुलींना बंद. (ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायला सुरुवात केली १९२० साली आणि केंब्रिजने १९४८ साली, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर!) डर्वेंटच्या शिक्षणाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून साउदीने बहीण-भावाला एक काम सुचवलं. डोब्रिझहॉफर नावाच्या एका मिशनऱ्याने दक्षिण अमेरिकेतल्या अबिपोन जमातीबद्दल लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता, त्याचा अनुवाद. डर्वेंटने काम सोडलं. साराने तिन्ही खंड पुरे केले. १८२२ साली ते लंडनच्या जॉन मरे या नामांकित प्रकाशकाकडून बाहेर पडले. त्यावर तिचं नाव नव्हतं. वय एकोणीस. कोलरिजने नंतर त्या अनुवादातल्या निर्मळ मायबोली इंग्रजीचं मनापासून कौतुक केलं. पाठोपाठ १८२५ साली तिने बायार नावाच्या शूर सरदाराचं जुन्या फ्रेंचमधलं चरित्र इंग्रजीत आणलं. तेही नावाशिवाय.

मग लग्न. चुलतभाऊ हेन्री नेल्सन कोलरिज, पेशाने वकील. घरच्यांची नाराजी, लपवलेला साखरपुडा, सहा वर्षांची वाट. शेवटी सप्टेंबर १८२९मध्ये लग्न झालं. माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच. नवरा प्रेमळ होता, विद्वान होता आणि सासऱ्याचा निस्सीम भक्त होता.

पुढची वर्षं वाचताना जीव गुदमरतो. १८३०मध्ये हर्बर्ट, १८३२मध्ये ईडिथ. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं मन असं काही खचलं, की ती महिनोन् महिने अंथरुणाला खिळली. आज आपण त्याला बाळंतपणानंतरचं डिप्रेशन म्हणू. तेव्हा सरसकट ‘नर्व्हस’ म्हणायचे आणि डॉक्टर औषध म्हणून अफूचा अर्क द्यायचे. ज्या अफूने बापाला खाल्लं, तीच मुलीच्याही उशाशी आली आणि शेवटपर्यंत राहिली. १८३४च्या जानेवारीत जुळी मुलं झाली आणि काही दिवसांतच दोन्ही गेली. १८४०मध्ये आणखी एक मुलगी झाली, तीही दोन आठवड्यांच्या आत गेली.

आता खरी गोष्ट. या सगळ्यात तिचं डोकं थांबलं नाही. १८३४मध्ये तिने या ‘नर्व्हस’ दुखण्यावरच एक निबंध लिहिला. संवादाच्या रूपात. एक आजारी व्यक्ती आणि एक समजूतदार सल्लागार, असे दोघे बोलतात. हे दुखणं मनाचं की शरीराचं, आजाऱ्याने स्वतःशी कसं वागावं, असा विचार तिने स्वतःच्या अनुभवातून मांडला. रडगाणं नाही, तर स्वतःच्या दुखण्याकडे अभ्यास म्हणून बघणं. त्याच वर्षी मुलांसाठी केलेल्या बडबडगीतांचं पुस्तक आलं. बारा महिन्यांचं तिचं एक गाणं इंग्रज मुलं आजही म्हणतात. कुणाचं ते बहुतेकांना ठाऊक नसतं.

आणि १८३६ची एक गंमत सांगते. गंमत म्हणावी की काय, तुम्हीच ठरवा. सासरहून लंडनला परत येताना वाटेत इल्चेस्टर नावाच्या गावी ती कोसळली. तिथल्या प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागी तिने अंथरूण धरलं आणि पुढे जायला साफ नकार दिला. नवऱ्याला कामावर परतावं लागलं. ती तिथे काही आठवडे राहिली आणि त्या परक्या खोलीत ‘फँटास्मियन’ या आपल्या कादंबरीचं काम करत राहिली. आजारपण खरं होतं, यात शंका नाही. पण जिथे कुणी स्वयंपाकाचं विचारत नाही, पाहुणे येत नाहीत, अशी खोली तिला आयुष्यात बहुधा तेव्हाच मिळाली. माझ्या ओळखीची एक बाई म्हणायची, ‘दवाखान्यात ॲडमिट झाले तेव्हाच काय ती पुस्तकं वाचून झाली.’ आपण हसलो होतो. हसण्यासारखं होतं का ते?

‘फँटास्मियन’ १८३७ साली निघाली. अडीचशे प्रती, पुन्हा नावाशिवाय. एक राजपुत्र, त्याला कीटकांच्या शक्ती देणारी परी, डोंगर, सरोवरं. इंग्रजीत परीकथेची अशी सलग लांब कादंबरी तोवर कुणी लिहिली नव्हती, असं अभ्यासक आज मानतात. मध्यरात्री परीकथा सांगणारा बाप आठवतोय ना?

तो बाप २५ जुलै १८३४ रोजी गेला होता. आणि इथून साराच्या आयुष्याला वळण लागलं.

कोलरिज गेल्यावर काही आठवड्यांतच डी क्विन्सी या त्याच्या जुन्या परिचिताने मासिकातून लिहिलं, की कोलरिजने जर्मन तत्त्वज्ञ शेलिंगचे विचार चोरले. १८४०मध्ये फेरिअर नावाच्या विद्वानाने उतारेच्या उतारे समोर ठेवून तोच आरोप केला. इकडे कोलरिजचे कागद कसे? वह्या, चिठ्ठ्या, दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या समासात खरडलेली टिपणं, अर्धवट सोडलेली प्रकरणं. आधी हेन्री ते काम करत होता, सारा मदत करायची. जानेवारी १८४३मध्ये हेन्री गेला. साराचं वय चाळीस. पदरात दोन मुलं. तिने तो सगळा पसारा स्वतःच्या टेबलावर ओढून घेतला.

‘बायोग्राफिया’ची तिची आवृत्ती १८४७ साली निघाली. तिने काय केलं बघा. शेलिंग मूळ जर्मनमधून वाचला. बापाचं वाक्य आणि शेलिंगचं वाक्य शेजारी शेजारी ठेवलं. जिथे बापाने घेतलं होतं, तिथे तिने स्वतः तळटीप देऊन मूळ जागा दाखवून दिली. लपवाछपवी केली नाही. आणि मग दीडशेहून अधिक पानांची प्रस्तावना लिहून तिने वाद घातला. हे बेशिस्तीने, आजारपणाने, वहीत उतरवलेलं स्वतःचं की दुसऱ्याचं याचं भान सुटल्याने झालेलं आहे, चोरीच्या बुद्धीने नव्हे, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं पटो न पटो, पण तिची पद्धत बघा. बापाची बाजू घ्यायची तर आधी सगळा पुरावा उघड्यावर मांडायचा. किती मुलं-मुली हे करतील?

आणि या पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय छापलंय? ही आवृत्ती कै. हेन्री नेल्सन कोलरिज यांनी काही अंशी सिद्ध केली आणि ‘त्यांच्या विधवेने’ पुरी करून प्रसिद्ध केली. एवढंच. नाव नाही. १८५०मध्ये तिने बापाचे वर्तमानपत्रांतले जुने लेख शोधून, त्यांवर मोठी प्रस्तावना लिहून काढले, त्यावर छापलं ‘त्यांच्या मुलीकडून संपादित’. तिथेही नाव नाही. आधी विधवा, मग मुलगी. मी माईकवरून जे केलं, ते लंडनच्या छापखान्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे बाईचं आयुष्य बापाच्या कागदांत वाया गेलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. का, ते सांगते.

त्या काळी धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान ही पुरुषांची, त्यातही पाद्री-प्राध्यापकांची मिरास. बाईने कविता करावी, मुलांसाठी लिहावं, फार तर कादंबरी. पण बाप्तिस्म्याने तान्ह्या बाळाचा आत्मा आपोआप बदलतो का, विवेकबुद्धीला धर्मात जागा किती, अशा प्रश्नांवर ऑक्सफर्डचे मोठमोठे पंडित भांडत असताना एका बाईने मधे बोलायचं? सारा बोलली. १८४३मध्ये बापाच्या ‘एड्स टू रिफ्लेक्शन’ या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला तिने एक परिशिष्ट जोडलं. परिशिष्ट कसलं, स्वतंत्र प्रबंधच तो! नुसता संस्कार करून माणूस बदलत नाही, त्याच्या आतल्या जाणिवेचं काय, असा तिचा प्रश्न होता. दार बंद होतं, म्हणून ती बापाच्या ग्रंथाच्या मागच्या दाराने आत शिरली आणि बैठकीत जाऊन बसली.

१८४८मध्ये टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’ या दीर्घकाव्यावर तिने ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये परीक्षण लिहिलं. विषय काय, तर बायकांनी बायकांसाठी काढलेलं विद्यापीठ! त्या नियतकालिकात लेखांवर नावं छापायची पद्धतच नव्हती, त्यामुळे हे एका बाईने लिहिलंय, याचा वाचकांना पत्ता नाही. आणि योगायोग बघा, त्याच १८४८ साली लंडनमध्ये मुलींसाठी क्वीन्स कॉलेज उघडलं, आणि त्याच साली आपल्या पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा सुरू झाली. दोन्हीकडे दारं तेव्हा कुठे किलकिली होत होती.

आता हिशेबाची दुसरी बाजू. तिला फटका कळत नव्हता असं नाही. आपल्या डायरीत तिने स्पष्ट लिहून ठेवलंय, की बापासारख्याचे तुटक, विस्कळीत कागद लावण्याइतकं पैसा आणि नाव, दोन्ही बाबतींत कमी मोबदल्याचं काम दुसरं नाही. पण आणखी एका ठिकाणी ती लिहिते, की वडील आपल्या पुस्तकांतून, विशेषतः समासातल्या टिपणांतून, सतत आपल्या कानाशी बोलत असतात. दहा-दहा वर्षं न दिसलेला बाप तिला असा भेटला. आणि त्याच्याशी बोलता बोलता, वाद घालता घालता तिला स्वतःचा आवाज सापडला. मोबदला नाही हेही खरं, आणि समाधान आहे हेही खरं. ‘हौसेने करते ना ती, मग नावाचं काय घेऊन बसलात?’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण दुसरं खरं पुढे करून पहिलं बुडवतो.

१८५०मध्ये तिच्या छातीत गाठ निघाली. स्तनाचा कर्करोग. तरी काम चालूच. सप्टेंबर १८५१मध्ये तिने लेक ईडिथसाठी पत्राच्या रूपात आत्मचरित्र लिहायला घेतलं. मेणबत्ती, झाडी, सगळं त्यातलंच. पण साधारण नवव्या वर्षापर्यंतच पोचली. लहानपणाकडे वळून बघताना आपल्याला मुख्यतः काय वाटतं, हे सांगायला तिने वाक्य सुरू केलं आणि ते वाक्य तसंच राहिलं. भाऊ डर्वेंटबरोबर तिने बापाच्या कवितांची शेवटची आवृत्ती तयार केली, त्यावर मात्र १८५२ साली ‘डर्वेंट आणि सारा कोलरिज’ असं छापलं गेलं. भावाच्या शेजारी का होईना, नाव आलं. ३ मे १८५२ रोजी ती गेली. वय एकोणपन्नास.

तिने स्वतः लॅटिन-ग्रीक शिकवलेला मुलगा हर्बर्ट पुढे त्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाचा पहिला संपादक झाला, ज्याला आपण आज ऑक्सफर्डचा कोश म्हणतो. तोही तिशीतच गेला. आणि लेक ईडिथने १८७३ साली आईचं ते अर्धं आत्मचरित्र आणि पत्रं दोन खंडांत छापली. पहिल्या पानावर काय लिहिलं असेल? ‘तिच्या मुलीकडून संपादित.’ हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. पुन्हा एक मुलगी, पुन्हा नाव नाही. फरक एवढाच, की या वेळी मोठ्या अक्षरांत जे नाव होतं, ते आईचं होतं.

पुढे १९४० साली तिचं चरित्र निघालं, त्याच्या नावाचा अर्थ ‘कोलरिज-कन्या’. त्या निमित्ताने व्हर्जिनिया वुल्फने तिच्यावर लेख लिहिला. वुल्फही प्रसिद्ध बापाची मुलगी, तिला ते दुखणं ठाऊक होतं. १९८९मध्ये आणखी एक पुस्तक आलं, त्याच्याही नावात ‘मुलगी’ होतीच. पण त्यात तिचं अप्रकाशित लिखाण, तो ‘नर्व्हस’ दुखण्यावरचा निबंधसुद्धा, पहिल्यांदा छापला गेला. २००७मध्ये तिच्या सगळ्या कविता एकत्र आल्या, त्यांतल्या शंभराहून अधिक तोवर कुणी वाचलेल्याच नव्हत्या. आणि २०१४ साली एका अभ्यासकाने पुस्तकाला नाव दिलं ‘सारा कोलरिज : तिचं आयुष्य आणि विचार’. तिचे विचार! एवढं म्हणायला तिच्या मृत्यूनंतर एकशे बासष्ट वर्षं लागली.

२०१८मध्ये बातम्या झळकल्या, की हायगेटच्या चर्चखाली, जुन्या दारूच्या तळघरात कोलरिजची शवपेटी सापडली. बातमीचे मथळे कवीचे. पण त्याच तळघरात त्याच्याजवळ त्याची बायको, नातू, जावई आणि सारासुद्धा होती.

मैत्रिणींनो, हे सगळं मी का सांगत बसले? आपल्या गावोगाव साराबाई आहेत. वडिलांच्या कीर्तनाच्या वह्या उतरवून काढणाऱ्या, नवऱ्याचा पीएच.डी.चा प्रबंध दुरुस्त करणाऱ्या, सासऱ्यांच्या आठवणी त्यांच्या तोंडून ऐकून लिहिणाऱ्या. ऋणनिर्देशात त्यांच्या वाट्याला शेवटची ओळ येते, ‘पत्नीच्या सहकार्याशिवाय’ किंवा ‘कन्येच्या मदतीने’. नाव लिहायला शाई जास्त लागते का? पुढच्या वेळी स्मरणिका छापाल, पत्रिका काढाल, माईक हातात घ्याल, तेव्हा तेवढं एक नाव लिहा, उच्चारा. आणि जिचं काम आहे तिनेही ‘जाऊ दे, आपलंच तर आहे’ म्हणून खोडू नये. ते खोडण्याची सवय आपल्याला आहे, हेही कबूल करू या.

मी दुसऱ्या दिवशी ताईकडे गेले, माफी मागितली. बोलता बोलता तिने एक जाड वही काढली. चार वर्षं सरांचे लेख लावताना तिला जे जे सुचलं, कुठे सरांचं पटलं नाही, कुठे काळ बदलला, ते सगळं तिने त्यात लिहून ठेवलंय. दोनशे पानं! मी म्हटलं, ‘यावर वाचनालयात बोलशील?’ ती आधी नाही म्हणाली, मग तारीख विचारली.

पत्रिकेचा मसुदा मी लिहिलाय. पहिल्या ओळीत तिचं पूर्ण नाव घातलंय. खाली ‘सरांची मुलगी’ असं लिहायचं की नाही, ते तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘लिही की. ते काय खोटं आहे? पण दुसऱ्या ओळीत.’